खवल्यांच्या हातमोज्यांचं चेनमेल किट: धातू एक नंबर, पण हाताचा विचार कमी पडलाय

भाचीला नाटकात ड्रॅगनचं काम मिळालं आणि तिच्या हातांसाठी मी हे चेनमेलचं, म्हणजे धातूच्या कड्या एकमेकींत अडकवून विणायचं, किट मागवलं, त्याला आता चार महिने झाले. एवढ्या दिवसांत दोन जोड्या करून झाल्यात, पहिली पुस्तिकेत दिलंय तश्शी आणि दुसरी पहिलीच्या चुका बघून माझ्या डोक्याने, आणि दोन्ही नुसत्या कपाटात पडून नाहीयेत, तालमीत दोन-दोन तास घातल्यात, घामात भिजल्यात, धुऊन परत घातल्यात. माझं मत विचाराल तर पाचपैकी साडेतीन स्टार. खवले आणि कड्या यांना मी डोळे झाकून पाच देईन, पुस्तिकेला दोनच्या वर देववत नाही. कारण ज्याने कोणी ते डिझाइन केलंय त्याने हात टेबलावर पसरून ठेवलेला बघितलाय, मूठ मिटताना बघितलेला नाही.

आधी किटमध्ये काय येतं ते. लाल रंगाचे अॅनोडाइज्ड (म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर पातळ थर चढवून रंगवलेले) अॅल्युमिनियमचे छोटे खवले २५०, साध्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या कड्या ८००च्या आसपास, मनगटाला बांधायला दोन काळ्या लेस आणि आठ पानांची पुस्तिका. पकडी येत नाहीत, त्या तुमच्या तुम्ही बघायच्या. एका हाताला माझे ११२ खवले आणि साधारण ३०० कड्या लागल्या, म्हणजे एका किटमध्ये एक जोडी आरामात होते आणि चुका करायला थोडं सामान उरतं. दुसऱ्या जोडीसाठी अर्थातच दुसरं किट मागवावं लागलं.

खवले खरंच सुंदर आहेत. मी व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीने, मोजले, लांबी २२ मिलिमीटर, रुंदी १४, खाली निमुळतं टोक आणि वरच्या बाजूला गोल भोक. प्रत्येक खवला किंचित खोलगट आहे, चमच्यासारखा, आणि ही खोलगट बाजू नेहमी हाताकडे राहायला हवी, तरच एक खवला दुसऱ्यावर नीट बसतो. कडांना धार राहिलीय का हे बघायला मी एक जुना नायलॉनचा मोजा सगळ्या खवल्यांवरून फिरवला, धागा कुठे अडकतो का बघत, तर २५० पैकी फक्त सात खवले अडकले, तेही भोकाच्या आतल्या कडेला. बारीक गोल कानसीने दोन-दोन फेरे मारले की काम झालं. पण ही तपासणी विणायच्या आधीच करा, कारण एकदा विणल्यावर धारदार खवला शोधून काढणं म्हणजे नाकी नऊ येतात, आणि तो सापडतो तेव्हा बहुतेक वेळा बोटाला कापूनच सापडतो.

आता कड्या. इथे पहिल्या किटमध्ये मला चांगलाच त्रास झाला आणि तो सांगितलाच पाहिजे. कड्यांच्या दोन पिशव्या होत्या, दोन्हीवर "१८ गेज" लिहिलेलं, गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. पहिली पिशवी संपेपर्यंत सगळं छान चाललं होतं, दुसरी उघडली आणि दहा-बारा कड्या लावल्यावर हाताला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं, पक्कड कमी जोरात वळत होती. व्हर्निअर लावलं तर पहिल्या पिशवीतली तार १.२२ मिलिमीटर आणि दुसरीतली १.०२. म्हणजे घोळ असा की गेज मोजायच्या पद्धती दोन आहेत, ब्रिटिश एसडब्ल्यूजी आणि अमेरिकन एडब्ल्यूजी, आणि दोन्हीकडे १८ नंबर आहे पण तारेची जाडी वेगळी. तुम्ही म्हणाल ०.२ मिलिमीटरने काय होतंय. तर तारेचा वाकायला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळे १.०२ची तार १.२२च्या तारेच्या जवळजवळ निम्म्या जोरात वाकते. म्हणजे मूठ आवळली, बाही ओढली, कुणी हात धरला, की पातळ कड्या आधी उघडणार. मी किट विकणाऱ्यांना फोटो पाठवला तर त्यांनी काही न बोलता दुसरी पिशवी पाठवली, त्याबद्दल तक्रार नाही, पण मधले नऊ दिवस काम ठप्प होतं आणि लावलेल्या सगळ्या पातळ कड्या मला उचकून काढाव्या लागल्या. दुसऱ्या किटमध्ये सगळ्या कड्या बरोबर आल्या. तरी सांगते, पिशवी उघडल्या उघडल्या दोन्हीतली एकेक कडी मोजा.

गेजबरोबर दुसरा एक आकडा सांभाळायचा असतो, कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी. चेनमेल करणाऱ्यांच्या बोलण्यात हा सारखा येतो, एआर (अॅस्पेक्ट रेशो) म्हणतात त्याला. या किटच्या कडीचा आतला व्यास ४.८ आणि तार १.२२, म्हणजे साधारण ३.९. नेहमीच्या युरोपियन फोर-इन-वन विणीला, ज्यात प्रत्येक कडीतून शेजारच्या चार कड्या जातात, हा आकडा अगदी छान बसतो. तीनच्या खाली गेलात तर वीण लाकडासारखी ताठ होते, आणि पाचच्या बरंच वर गेलात तर सैल, लोंबती, आणि कड्या पटापट उघडणारी. हे पुस्तिकेत एका ओळीत तरी लिहायला हवं होतं, कारण उद्या कड्या कमी पडल्या तर माणूस नुसतं "१८ गेज" म्हणून दुसरीकडून आणणार आणि परत त्याच खड्ड्यात पडणार.

कड्यांची जमेची बाजू म्हणजे त्या करवतीने कापलेल्या आहेत. कातरून कापलेल्या कडीचं टोक चिमटल्यासारखं होतं, मिटवली तरी तिथे बारीक खाच राहते आणि ती कातडीला बोचते. यांची टोकं सपाट आहेत, नीट मिटवली तर सांधा शोधायला नखच फिरवावं लागतं. मिश्रधातू ५३५६ आहे असं पाकिटावर लिहिलंय, यात साधारण ५ टक्के मॅग्नेशियम असतं, म्हणून ते शुद्ध अॅल्युमिनियमसारखं लोण्यासारखं मऊ नाही. मोज्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण हाताएवढं हलणारं दुसरं काही नाही.

कडी मिटवायची कशी यावर पुस्तिकेत दोन चित्रं आहेत आणि दोन्हीवरून काही कळत नाही. म्हणून मी करते तसं सांगते. दोन चपट्या तोंडाच्या पकडी घ्या, आतून गुळगुळीत, दातेरी नकोत, दाते कडीवर कायमचे वळ उठवतात आणि चुकून खवल्याला लागले तर लाल रंगच ओरबाडला जातो, अॅनोडायझिंगचा थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो, त्याखाली लगेच पांढरा धातू दिसतो. दातेरीच असतील तर तोंडाला कागदी चिकटपट्टी गुंडाळा. कडीची फट वर ठेवा, दोन्ही बाजूंनी धरा, एक हात पुढे एक मागे असं वळवा. टोकं बाजूला ताणून कधीच उघडायचं नाही, गोल बिघडला की बिघडला, मग तो कितीही दाबा, अंडाकृतीच राहतो. मिटवताना टोकं समोरासमोर आली की थांबू नका, केसभर पुढे न्या, आतल्या बाजूला हलका दाब ठेवा आणि परत मागे आणा. टोकं एकमेकांवर घासून टक् असा बारीक आवाज येतो, तो आला की समजा कडी आता स्वतःच्याच ताणावर मिटून बसलीये. पहिल्या पन्नास कड्यांत हा आवाज मला चार-पाचदाच आला असेल, तीनशेव्या कडीपर्यंत प्रत्येक वेळी यायला लागला आणि नंतर तर मी कडीकडे बघतच नव्हते, कानानेच काम चाललं होतं. एकच कडी सारखी उघडझाप करू नका, अॅल्युमिनियम वळवून वळवून कडक होतं आणि चौथ्या-पाचव्या वेळी तुटतं.

विणीची चित्रं हा पुस्तिकेतला सगळ्यात मोठा दोष. तिसऱ्या पानावरचं चित्र मागच्या बाजूने काढलंय, म्हणजे हाताला लागणारी बाजू, आणि हे कुठेच लिहिलेलं नाही. मी समोरची बाजू समजून चार ओळी विणल्या, उचलून बघितलं तर सगळे खवले पालथे, पावसात उलट्या पडलेल्या छत्र्यांसारखे. चार ओळी सोडवल्या. तुम्ही करणार असाल तर सोपी खूण लक्षात ठेवा, कामाला बसाल तेव्हा खवल्याची फुगीर बाजू तुमच्याकडे आणि टोक तुमच्या पोटाकडे, आणि नवीन ओळ नेहमी वर चढवत जायची. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्धा खवला सरकलेली असते, कौलं घालतात ना तशी, त्यामुळे कडेला एखादा खवला कमी करायचा किंवा वाढवायचा म्हटलं तर सहज होतं. बोटांच्या सांध्यांवर सात, मनगटावर पाच आणि पुढे कोपराकडे परत सात, असं मी केलं आणि भाचीच्या हाताला छान बसलं.

आता खरं घोडं पेंड खातं ते इथे. पहिली जोडी झाली, तिने घातली, आरशासमोर हात फिरवून बघितले, इतकी खूश की विचारू नका, आणि मग मी म्हटलं जरा मूठ मिट. तिने अर्धी मिटली आणि थांबली. "मावशी, पुढे जातच नाहीये गं. मधलं बोट ओढलं जातंय."

मी टेप घेऊन तिचा हात मोजला. हात सपाट असताना मनगटापासून मधल्या बोटाच्या सांध्यापर्यंत ८ सेंटिमीटर, मूठ मिटली की तेच अंतर ९.३. तेरा मिलिमीटर वाढलं! कातडी ताणली जाते म्हणून आपल्याला कळत नाही, पण पुस्तिकेतला मोजा दोन्ही टोकांना घट्ट बांधलेला आहे, पुढे मधल्या बोटात कड्यांची छोटी अंगठी आणि मागे मनगटाला आवळलेली लेस, मग हे तेरा मिलिमीटर येणार कुठून? खवले एकमेकांवर सरकतात, ते थोडं देतात, पण मागची कड्यांची जाळी किती ताणली जाणार याला मर्यादा आहे. शिवाय फोर-इन-वनच्या जाळीला दोन दिशा असतात, एका दिशेने ओढली की ती पसरते आणि दुसऱ्या दिशेने ओढली की जागची हलत नाही. ही गोष्ट पाच मिनिटांत समजते, तळहाताएवढा तुकडा विणा आणि दोन्ही बाजूंनी ओढून बघा, पण पुस्तिकेत तिचा उल्लेखच नाही.

दुसऱ्या जोडीत मी दोन गोष्टी केल्या. मनगटाची लेस हाडाच्या दीड बोट मागे नेली, म्हणजे मनगट वळायला मोकळं. आणि बोटातली अंगठी खवल्यांच्या शेवटच्या ओळीला थेट न जोडता मध्ये रबरच्या कड्या घातल्या. चेनमेलच्या कामात रबरच्या कड्या मिळतात, काळ्या, न कापलेल्या, धातूच्या कडीत ओवायच्या. तीन-तीनच्या दोन रांगा लावल्या आणि मूठ पूर्ण मिटली, उघडली की मोजा आपसूक जागेवर परत. एवढ्या बारा रबरी कड्या किटमध्ये टाकल्या असत्या तर मी पाच स्टारच दिले असते.

अंगठ्याचीही तीच गत. पुस्तिका सांगते, बाजूला जागा सोडा आणि अंगठा बाहेर काढा. बरं, पण अंगठा आणि पहिल्या बोटामधली जी मऊ कातडी आहे तिच्यावर कड्यांची कड सारखी घासते, तासाभरात तिथे लाल रेघ उठली. आधी वाटलं एखादी कडी उघडी राहिली असेल, भिंगाने बघितलं तर सगळ्या मिटलेल्या. सांध्याचा दोष नव्हता, ती जागाच अशी आहे की तिथे धातू असूच नये. मी त्या कडेच्या दोन ओळी काढून टाकल्या आणि उरलेल्या कडेला मऊ चामड्याची बोटभर पट्टी शिवली, कडीच्या आत सुई घालून, प्रत्येक कडीला एक टाका. यात नवीन काही नाही. युरोपात बाराव्या शतकाच्या शेवटापासून चिलखताच्या बाहीलाच पुढे कड्यांचा मोजा जोडलेला असायचा, तेव्हासुद्धा तळव्याला कड्या नसत, तिथे चामडं किंवा कापड असे आणि त्यात एक चीर ठेवलेली असे, हात मोकळा हवा झाला की चिरेतून बाहेर काढायचा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी रोज वापरणाऱ्यांना हे कळलेलं होतं की हाताची वरची बाजू धातूला द्यायची आणि तळवा नाही.

आणि हे किट नेमका तळवाच धातूने भरायला सांगतं. तळव्यावर चार कड्या रुंदीची आडवी जाळी आहे. फोटोत फार छान दिसते. हातात पेला धरला की निसटतो, काठी धरली की फिरते, आणि चकचकीत अॅल्युमिनियमचा करडा काळसरपणा घामाबरोबर तळव्याला आणि तिथून चेहऱ्याला. भाचीने तालमीत गाल पुसला आणि गालावर राखाडी पंजा उमटला. नवीन कड्यांना हे होतंच, त्या एकमेकींवर घासून बारीक भुकटी सुटते, विणायच्या आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपने बाटलीत घालून खळखळून धुतल्या तर बरंच कमी होतं, मी तीन पाणी केली, पहिलं पाणी अक्षरशः पाटी पुसल्यासारखं निघालं. पण पूर्ण थांबत नाही. म्हणून दुसऱ्या जोडीत तळव्याची जाळी मी सरळ रद्द केली आणि सगळी खवल्यांची चादर एका पातळ, बिनबोटांच्या कापडी मोज्यावर शिवली. कातडीला धातू लागत नाही, घाम कापड टिपतं, पेला निसटत नाही, ती त्या हातांनी चेन लावते, बाटलीचं झाकण उघडते, संवादाची वही उलटते.

खवल्यांची टोकं कुठल्या दिशेला ठेवायची यावर पुस्तिका एकच पर्याय देते, बोटांकडे. दिसायला तेच बरोबर आहे, हात खाली सोडला की खवले वजनाने मिटून बसतात आणि ड्रॅगनचा पंजा वाटतो. पण यांच्यावरून जाकीट घालायला जाऊ नका, बाही आत सरकताना कापड प्रत्येक टोकात अडकतं आणि आमच्या एका जाकिटाचं अस्तर फाटलं. आधी जाकीट, मग मोजे, हा क्रम ठेवा. टोकं कोपराकडे केली तर बाही सहज जाते पण हात खाली सोडला की खवले विस्कटलेल्या पिसांसारखे उघडतात. मी दोन्ही करून बघितलं आणि बोटांकडेच ठेवलं, रंगमंचावर हात बहुतेक वेळ खालीच असतो.

वजनाचं मला फार कौतुक वाटलं. एक मोजा ४७ ग्रॅम, कापडी मोज्यासकट ६०. हाच स्टेनलेस स्टीलमध्ये केला असता तर नुसता धातूच १३५ ग्रॅमच्या पुढे गेला असता, कारण स्टील अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आहे. स्टील जास्त टिकेल, काळं सोडणार नाही, कड्या कमी उघडतील, सगळं खरं, पण मिटवायला हाताची ताकदही बरीच जास्त लागते आणि पहिल्याच कामाला स्टील घेतलंत तर दुसऱ्या दिवशी पक्कड धरवणार नाही. तांबं-पितळ दिसायला राजेशाही, पण ते आणखी जड आणि घामाने हात हिरवे करतात. टायटॅनियम हलकं आणि मजबूत, मात्र भलतंच चिवट. मोज्यासाठी अॅल्युमिनियमच घ्या असं मी म्हणेन, निदान पहिल्या वेळी.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते, विशेषतः मुलांसाठी घेणाऱ्यांना. किटच्या पाकिटावर "आर्मर" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. हे संरक्षण नाही. यातल्या कड्या नुसत्या टोकाला टोक लावून मिटवलेल्या आहेत. लढाईच्या चिलखतातल्या कड्या रिव्हेट मारून बंद केलेल्या असत, आणि आज मांस कापणारे जे स्टीलच्या कड्यांचे मोजे वापरतात त्यांची एकूण एक कडी वेल्ड केलेली असते, त्यासाठी आयएसओ १३९९९ असं वेगळं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. तेसुद्धा सुरीच्या कापण्या-भोसकण्यापासून वाचवतात, हातोडीच्या घावापासून नाही. तुमचा हा लाल खवल्यांचा मोजा घालून कुणी खरी सुरी किंवा लाकडी तलवारीचा जोरदार फटका अडवायला गेलं तर कड्या उघडतील आणि वाकलेला खवला उलटा हातात घुसेल. फिरणाऱ्या यंत्राजवळ घालू नका, ड्रिल, मिक्सर, काहीही, आणि उघड्या वायरिंगजवळ तर अजिबात नाही, अॅल्युमिनियम विजेचा फार चांगला वाहक आहे. भाचीच्या नाटकात प्रकाशयोजनेचं सामान विंगेतच असतं, तिला सक्त सांगितलंय की मोजे घालून कुठल्याही प्लगला हात लावायचा नाही.

रंग चार महिन्यांत कसा राहिला? लाल अजून लालच आहे, फक्त सांध्यांवरच्या ओळीत खवले एकमेकांवर घासतात तिथे कडा पांढुरक्या झाल्यात, आणि तो झिजलेला भाग दिव्याखाली उलट छान दिसतो, वापरलेला पंजा वाटतो. धुताना साधा सौम्य साबण आणि कोमट पाणी, दहा मिनिटं बुडवून हलवायचं, मग टॉवेलवर पसरून पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचं. डिशवॉशरची पावडर, सोडा, ब्लीच, चिंच-लिंबू, काही नको, तीव्र अल्कली आणि आम्ल दोन्ही अॅनोडायझिंगचा थर खातात. कडक उन्हातही वाळवत बसू नका, रंग उडू शकतो.

वेळेचं सांगायचं तर पहिल्या जोडीला मला चौदा तास लागले, सोडवासोडव धरून जास्तच, आणि दुसरीला साडेआठ. एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त करू नका, अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं आणि मग कड्या अर्धवट मिटायला लागतात, संध्याकाळी मिटवलेल्या कड्याच पुढे तालमीत गळाल्या हे मी दोनदा अनुभवलं. प्रत्येक बैठक संपली की विणलेला भाग दिव्यासमोर धरा, मागून बघा, जिथे सांध्यात उजेडाची रेघ दिसेल ती कडी परत मिटवा.

ज्यांनी याआधी कधी कडी मिटवलेली नाही त्यांनी हे किट घ्यावं का? घ्यावं, पण आधी साध्या कड्यांची एक पट्टी, निदान पन्नास कड्यांची, विणून हात बसवावा. ज्यांना येतं त्यांनी तर नक्की घ्यावं, कारण एवढे सारख्या मापाचे, कडा साफ केलेले खवले सुटे मिळवायला बरीच धावपळ होते. आणि दोघांनीही पुस्तिकेतलं पाचवं, सहावं पान, तळवा आणि अंगठ्याचं, सरळ सोडून द्यावं. कापडी मोजा, चामड्याची पट्टी आणि रबरच्या बारा कड्या आधीच आणून ठेवा. माप घेताना हात सपाट आणि मूठ मिटून, दोन्ही घ्या आणि मोठं माप धरा.

उरलेल्या कड्या फेकू नका. आमच्याकडे दोन्ही किटच्या मिळून सहाशेच्या आसपास उरल्यात, त्यातल्या तीस आणि दोन छोट्या पकडी एका डबीत घालून भाचीच्या मेकअपच्या पेटीत ठेवल्यात. पहिल्या प्रयोगाला दुसऱ्या अंकाआधी डाव्या हाताच्या करंगळीखालची एक कडी निघाली, खवला लोंबायला लागला, तिने स्वतःच डबी उघडली, विंगेच्या अर्धवट उजेडात कडी ओवली, मिटवली, आणि टक् आवाज आला तसा माझ्याकडे बघून मान हलवली.